चपलेतलं मीठ: चामडं पर्यावरणाला परवडतं का?

दिवाळीला पुण्याहून उदगीरला आलेल्या पुतणीला मी चामड्याची चप्पल घेऊन देणार होतो. दुकानाच्या पायरीवरच ती थांबली. म्हणाली, "काका, चामडं नको. पर्यावरणाला सगळ्यात वाईट तेच असतं. ही बघा, हिच्यावर 'व्हेगन लेदर' लिहिलंय, ही घेऊ." दुकानदारानं ती चप्पल पुढे केली. हातात घेतल्याबरोबर ओळखू आली. एसटीच्या सीटला असतं तेच रेक्झिन, जरा मऊ आणि जरा महाग.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा'नं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. त्यावरून ओरड झाली, मग कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. तेव्हापासून चामडं हा चहाच्या टपरीवरचा विषय झाला आहे. कुणी म्हणतं आपली परंपरा, कुणी म्हणतं नद्या नासवणारा धंदा. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, पण पायरीवर उभ्या मुलीला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, कारण ते एका वाक्यात मावत नाही. तेव्हा सुरुवातीपासूनच सांगतो.

कातडं सडतं, मग चामडं का सडत नाही?

बोलताना आपण कातडं आणि चामडं एकच धरतो. जनावराच्या अंगावरून निघालेलं कच्चं ते कातडं. ते 'कमावलं' की त्याचं चामडं होतं. ही कमावणी म्हणजे नेमकं काय, हे कळलं की अर्धा विषय कळला.

कातडं मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. अंबाडीचा तीन पेडी दोर डोळ्यासमोर आणा. कोलॅजेनचा एकेक धागा अगदी तसाच तीन पेडांचा पिळलेला असतो आणि असे अगणित दोर एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून कातडं चिवट. पण हे दोर ओले असतात आणि जंतूंना ते आयतं जेवण. उन्हाळ्यात काही तासांत वास मारायला लागतो. गरम पाण्यात उकळलं तर पेड सुटतात आणि चिकट रस होतो. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं ते यामुळेच.

कमावणं म्हणजे या दोरांच्या मध्ये जागोजागी पक्क्या गाठी मारणं. गाठी बसल्या की जंतूंना आत शिरकाव मिळत नाही, पेड सहजी सुटत नाहीत आणि कातडं वर्षानुवर्षं टिकतं. हिरडा चघळून पाहिला आहे ना? जीभ आवळते, तोंड कोरडं पडतं. हिरड्यातला तुरट पदार्थ, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना जाऊन बांधतो म्हणून तसं होतं. चामडं कमावणारे हजारो वर्षं हेच करत आले: जे जिभेवर क्षणभर होतं, ते कातड्यात महिनाभर होऊ द्यायचं.

निळी कमावणी

१८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. झाडाच्या सालीला जे काम करायला आठवडे लागत, ते क्रोमियम साधारण एका दिवसात करतं. चामडं मऊ होतं, उकळत्या पाण्यालाही टिकतं, त्यावर हवा तो रंग बसतो. आज जगातलं ८० टक्क्यांहून जास्त चामडं असंच कमावलं जातं. या टप्प्यावर कातडं फिकट निळं दिसतं.

पण क्रोमियमपर्यंत पोहोचण्याआधीच बरंच काही होऊन गेलेलं असतं. खाटकाकडून निघालेलं कातडं सडू नये म्हणून त्याला मीठ चोपडतात. कारखान्यात ते पाण्यात भिजवून मीठ आणि घाण काढतात. मग चुना आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात ठेवून केस उतरवतात. हे सल्फाइडचं पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो, आणि त्यानं गुदमरून कामगार दगावले आहेत. त्यानंतर मांस-चरबी खरवडणं, चुना काढणं, आम्ल आणि मिठात मुरवणं, आणि मग क्रोमियम. पुढे तेल मुरवणं, रंग, चकाकी.

एक किलो कच्च्या कातड्याला या सगळ्यात साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागतं. म्हशीचं एक कातडं २५ किलोचं धरा, म्हणजे ७५० ते १,००० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्या १० टाक्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला ती गाडी विसरणं शक्य नाही. ते सगळं पाणी म्हशीची पाचशे-सहाशे कातडी कमावण्यातच संपलं असतं.

शिवाय १,००० किलो मीठ लावलेल्या कातड्यातून तयार चामडं निघतं जेमतेम २०० ते २५० किलो. उरलेलं केस, चरबी, खरवड, कातरण आणि पाण्यातून वाहून गेलेला माल.

क्रोमियम विषारी आहे का?

क्रोमियमची दोन रूपं लक्षात ठेवायची. कमावणीत वापरतात ते तीन-संयुजेचं, त्याला 'साधं क्रोमियम' म्हणू. ते फारसं घातक नाही. दुसरं सहा-संयुजेचं, त्याला 'जहाल क्रोमियम' म्हणू. ते कर्करोगकारक आहे, यात शास्त्रज्ञांना शंका नाही. मूलद्रव्य एकच, स्वभाव मात्र पार वेगळे. कार्बनचं उदाहरण घ्या. कार्बनचा एक वायू आपण सोड्याच्या बाटलीतून हौसेनं पितो आणि दुसरा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

अडचण अशी की साधं क्रोमियम काही परिस्थितीत जहाल होऊ शकतं. कमावणी नीट झाली नाही, चामडं चुकीच्या तऱ्हेनं साठवलं किंवा जाळलं, तर. म्हणून युरोपीय संघानं मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत जहाल क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, असा नियम केला.

जुन्या पद्धतीत टाकलेल्या क्रोमियमपैकी ६० ते ७० टक्केच कातड्यात बसतं, बाकीचं पाण्यात जातं. हे पाणी वेगळं धरलं तर त्यातलं क्रोमियम परत काढून पुन्हा वापरता येतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं, जी १९४८ पासून काम करते आहे, यावर बरंच संशोधन केलं आहे. म्हणजे क्रोमियमचा प्रश्न गंभीर आहे, पण त्याला उत्तर आहे. खर्च आणि इच्छा लागते.

मिठाचं तसं नाही. आणि मराठवाड्याच्या माणसानं खरी काळजी करायची ती मिठाची.

मीठ कुठे जातं?

कातड्याला त्याच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के मीठ लावतात. क्विंटलभर कातडं म्हणजे ३०-४० किलो मीठ. पहिल्याच भिजवणीत त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं. पुढे आम्लात मुरवतानाही मीठ लागतंच, नाहीतर कातडं फुगतं.

आता हे पाणी शुद्धीकरण केंद्रात नेलं असं समजा. तिथले जीवाणू चरबी खातील, रक्त खातील, चुन्याचा गाळ तळाला बसेल. मीठ कोण खाणार? कुणीच नाही. ते विरघळलेलंच राहतं आणि 'शुद्ध' झालेल्या पाण्याबरोबर ओढ्यात, तिथून विहिरीत जातं. भाजीत मीठ जास्त पडलं तर ते काढून घेता येत नाही, पाणीच वाढवावं लागतं. नदीचंही तेच आहे. भरपूर वाहत्या नदीत मीठ पातळ होऊन जातं. पण मांजरा, तेरणा, मन्याड यांसारख्या नद्यांना वर्षातले कित्येक महिने नावापुरतं पाणी असतं. तिथे मीठ पातळ कशानं होणार?

तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात हे घडून गेलं आहे. वेल्लोर, आंबूर, वाणियंबाडी, रानीपेट हा देशातला चामड्याचा मोठा पट्टा, आणि पालारही आपल्या नद्यांसारखीच बराच काळ कोरडी. २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वेल्लोर नागरिक मंचाच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात नोंद आहे की टॅनरींच्या, म्हणजे कातडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या, पट्ट्यातली सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन काही अंशी किंवा पूर्णपणे पिकाला नालायक झाली होती. एकरात सांगायचं तर ८६ हजारांवर. 'प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यावी' हे तत्त्व याच निकालानं आपल्या कायद्यात पक्कं केलं.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकायची गरज नाही. काळ्या जमिनीत खारं पाणी देत राहिलं, निचरा झाला नाही, की जमीन चोपण होते. वर पांढरट थर, ओली झाली की साबणासारखी निसरडी, वाळली की दगड. कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेली रानं आपण पाहिली आहेत. ती सुधारायला जिप्सम घालून, चर खणून वर्षं जातात.

पालारच्या खोऱ्यातल्या कारखान्यांना पुढे सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, अशी सक्ती झाली. त्यासाठी पाणी उलट-गाळणीच्या पडद्यातून काढतात, म्हणजे घरातल्या आरओ मशीनचंच मोठं रूप. उरलेलं खारं पाणी आटवतात. पाणी परत मिळतं हे चांगलंच, पण शेवटी मिठाचे ढीग उरतात. अनेक क्षारांची भेसळ असलेलं ते मीठ कुणाच्या कामाचं नसतं. पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवावं लागतं.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मीठ मुळात कमी घालणं. कातडं निघाल्याबरोबर थंड केलं आणि लगेच कारखान्यात नेलं तर मिठाची गरज कमी होते. भिजवण्याआधी कोरडं असतानाच झटकून काढलं तरी बराच भार हलका होतो. यात अवघड रसायनशास्त्र काहीच नाही.

जनावराचा भार कातड्यावर किती टाकायचा?

पुतणीनं ज्या आकड्यांवरून चामडं 'सगळ्यात वाईट' ठरवलं, ते बहुतेक इथून येतात. गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा तिच्या ढेकरेतून मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट पृथ्वी तापवतो. त्यात जनावराचा चारा, त्याला लागलेलं पाणी, ब्राझीलसारख्या देशात कुरणांसाठी तोडलेलं जंगल. हे सगळं मोजलं तर आकडा मोठा येणारच. पण तो दुधावर टाकायचा, मांसावर, की कातड्यावर?

कापसाकडे पाहा. एक क्विंटल कापूस जिनिंगला नेला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते आणि उरलेली जवळजवळ सगळी सरकी. आता कापसाला दिलेलं पाणी, खत, फवारे यांचा हिशेब लावायचा आहे. वजनानं वाटला तर दोन तृतीयांश भार सरकीवर, म्हणजे आपण म्हशीपुढे ठेवतो त्या पेंडीवर जाईल. किमतीनं वाटला तर भार रुईकडे सरकेल. आणि कुणी म्हणेल, सरकीसाठी कापूस पेरतो कोण? सगळा भार रुईवरच टाका. तिन्ही हिशेबांत गणिताची चूक कुठेच नाही. तरी सरकीचं उत्तर तीन वेळा वेगळं येतं.

कातड्याचंही हेच आहे. चामडेवाले म्हणतात, कातडं हे टाकाऊच, भार शून्य धरा. विरोधक म्हणतात, वजनानं धरा. मला स्वतःला किमतीनं वाटणं रास्त वाटतं. कातड्यासाठी कुणी म्हैस पाळत नाही, हे हाळी हंडरगुळीच्या बाजारात तासभर उभं राहिलं तरी कळतं. तिथे दूध विचारतात, वेत विचारतात, दात पाहतात. कातड्याचा भाव कुणी काढत नाही. पण कातडं विकून चार पैसे मिळतात हेही खरं, आणि ते पैसे शेवटी त्या धंद्याला हातभार लावतात. म्हणून भार थोडा, पण शून्य नाही.

जनावर कुठे आणि काय खाऊन वाढलं, यानंही फार फरक पडतो. जंगल तोडून केलेल्या कुरणावरचा बैल आणि ज्वारीचा कडबा, सरकीची पेंड, बांधावरचं गवत खाणारी आपली मराठवाडी म्हैस यांना एका मापानं मोजू नये. मिथेन दोघेही सोडतात. पण कडब्यासाठी इथे कुणी जंगल तोडलेलं नाही. ज्वारी माणसानं खाल्ली, कडबा जनावरानं. उस्मानाबादी शेळी तर बोरी-बाभळीच्या पाल्यावर जगते, आणि मांसाबरोबर तिचं कातडंही नावाजलेलं आहे.

कातडं वापरलंच नाही तर काय, हाही प्रश्न विचारायला हवा. मांस खाणं थांबलेलं नाही, म्हशी मरायच्या थांबलेल्या नाहीत. कातड्याचे भाव पडले तेव्हा अमेरिकेत ते फेकून दिलं गेलं. फेकलेलं कातडं सडतं आणि त्यातूनही वायू निघतात. पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या जनावराचं कातडं काढून नेलं जाई आणि उरलेलं गिधाडं साफ करत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं ती गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

मग 'व्हेगन लेदर' चांगलं नाही का?

ते प्राण्याचं नाही, एवढंच त्या नावातून कळतं. बाजारात या नावाखाली बहुतेक वेळा कापडावर पीव्हीसी किंवा पीयू या प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो. कच्चा माल खनिज तेल. त्याला पाणी कमी लागतं, मिथेनही नाही, आणि बनवताना होणारं नुकसान अनेक हिशेबांत चामड्यापेक्षा कमी भरतं. हे मान्य करायलाच हवं. ज्याला प्राण्याची वस्तू वापरायची नाही, त्याच्या भावनेचा मला आदर आहे. तो प्रश्न दयेचा आहे आणि त्याचं उत्तर लिटर-किलोत देता येत नाही.

पण पर्यावरणाच्या नावावर रेक्झिन घ्यायचं असेल तर ते किती दिवस टिकतं ते पाहा. पीयूचा थर हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू तुटत जातो आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे निघायला लागतात. आमच्या चौकात चपला शिवणारे मामा आहेत, त्यांचं एक वाक्य माझ्या मनात घर करून बसलं आहे. "सर, ह्याला टाका धरत न्हाई. आरी घातली की तिथूनच फाटतंय. चामड्याला भोक पडतंय आन् ते दोऱ्याला धरून बसतंय." कोलॅजेनचे गुंतलेले दोर म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. रेक्झिनला दुरुस्ती नाही. ते उकिरड्यावर जातं आणि तिथे कुजत नाही, बारीक होत होत मातीत मिसळतं.

अननसाच्या पानांपासून, निवडुंगापासून केलेलं 'चामडं'ही आता मिळतं. प्रयत्न मोलाचे आहेत. पण टिकाऊपणा यावा म्हणून त्यांतही बऱ्याचदा पीयू किंवा तत्सम प्लॅस्टिक मिसळलेलं किंवा वरून दिलेलं असतं. लेबलावर फक्त निवडुंग दिसतो.

मग हिरडा-बाभळीनंच कमावा की!

हे ऐकायला फार गोड वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. कोल्हापुरीचं चामडं पारंपरिक रीतीनं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. कातड्याची पिशवी शिवून टांगायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि झिरपलं की पुन्हा भरायचं. महिनाभर तरी हे चालतं. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी भरणारा तरवडही याच कामाचा. त्याच्या सालीवर दक्षिणेत कातडं कमावण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला होता. पलीकडे तेलंगणात तरवडाला तंगेडू म्हणतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. दुष्काळात तग धरणारं हे झुडूप आपण बांधावरून उपटून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

तरीही वनस्पतीची कमावणी म्हणजे सोवळी कमावणी नव्हे. मीठ तिथेही लागतं, चुना तिथेही लागतो. सालीचं तपकिरी सांडपाणी ओढ्यात गेलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. झाड सोलून साल काढली तर झाड वाळतं. आणि जगाला लागणारं सगळं चामडं सालीवर कमावायचं ठरवलं तर तेवढ्या बाभळी आणायच्या कुठून?

परंपरेचं कौतुक करताना आणखी एक गोष्ट दडपली जाते. हे काम कुणी हौसेनं निवडलेलं नव्हतं. चुन्याच्या कुंडात हात घालून कातडी फुटलेली माणसं जातीनं त्या कामाला बांधली होती. गावाला चप्पल, मोट, पखाल, हलगी हवी होती, पण ती करणारा माणूस वेशीच्या आत नको होता. इथून जवळच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी कातडं कमावणाऱ्या कक्कय्यांना आणि चपला शिवणाऱ्या हरळय्यांना शरण, म्हणजे आपल्या पंथाचे भक्त, म्हणून मानानं शेजारी बसवलं, त्याची किंमत त्या काळानं रक्तात वसूल केली. बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढण्याचं काम सोडा म्हणून सांगितलं ते माणूसपणासाठी. तेव्हा आज कुणी 'पारंपरिक, निसर्गस्नेही' म्हणून ही कमावणी पुन्हा उभी करणार असेल, तर हातमोजे, बूट, चांगली मजुरी आणि काम निवडायचं वा सोडायचं स्वातंत्र्य हे आधी. माझ्या हिशेबात पर्यावरणात ती माणसंही येतात.

इथे टॅनरी आली तर रोजगार येईल ना?

येईल. तरीही माझं मत स्पष्ट आहे: कच्चं कातडं भिजवण्यापासून निळं होईपर्यंतचं ओलं काम मराठवाड्यात नको. निदान सांडपाणी पूर्ण बंदिस्त ठेवण्याची आणि मिठाची सोय आधी झाल्याशिवाय तरी नको. पाणी आणि मीठ मुख्यतः या टप्प्यातच जातं, आणि आपल्याकडे पाणी नाही, मीठ वाहून न्यायला नदीही नाही.

पण चामड्यातला खरा पैसा पुढे आहे: कापणी, शिवण, चप्पल, पट्टा, बॅग. या कामाला पाणी जवळजवळ लागतच नाही, हात लागतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांबरोबर कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपल्या शेजारचा सोलापूर आहे. मराठवाड्यातला एकही जिल्हा नाही. उस्मानाबादी शेळीचं कातडं मिठात घालून बाहेर पाठवायचं आणि त्याचीच पर्स चौपट भावानं विकत घ्यायची, यात आपलं नुकसान आहेच. शिवाय आपलं मीठ दुसऱ्याच्या विहिरीत जातं, हेही आपलंच देणं आहे. पालारच्या शेतकऱ्याची जमीनही जमीनच आहे.

दुकानात काय पाहायचं?

कापलेली कड पाहा. चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापड आणि त्यावर थर. कडेत निळसर-करडी छटा असेल तर क्रोमियमची कमावणी असण्याची शक्यता मोठी, सगळीकडे तपकिरी असेल तर सालीची असू शकते. रंग दिलेला असेल तर मात्र या खुणेवर विसंबू नका. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते पाहा. शिवलेला तळ बदलता येतो.

तयार होताना जे पाणी गेलं ते गेलं, आता ते परत येत नाही. त्या पाण्याला किती वर्षांनी भागायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. माझी चप्पल नऊ वर्षांची आहे, तळ दोनदा बदलला. पावसात भिजली तर सावलीत वाळवतो, चुलीपुढे नाही. वर्षातून दोनदा खोबरेल तेलाचा हात फिरवतो.

आणि कृपा करून जुनी चप्पल बंबात घालू नका. आमच्याकडे थंडीत पाणी तापवायला ही सवय घरोघर आहे. पीव्हीसी जळलं की घशाला आणि फुफ्फुसांना जाळणारा आम्लाचा वायू निघतो. क्रोमियमचं चामडं जळलं की त्यातल्या साध्या क्रोमियमचं राखेत जहाल क्रोमियम होऊ शकतं. ती राख आपण उकिरड्यात टाकतो, काही जण भांडी घासायलाही घेतात.

पुतणीनं त्या दिवशी काहीच विकत घेतलं नाही. तिच्या आजीची एक चामड्याची चप्पल माळ्यावर होती, अंगठा तुटलेली. ती घेऊन आम्ही चौकात गेलो. मामांनी उलटीपालटी करून पाहिली, नखानं तळ खरवडला आणि पेटीतून आरी काढली. नवा अंगठा आणि टाचेला ठिगळ, ऐंशी रुपये. ठिगळासाठी त्यांनी कुणाच्या तरी जुन्या बुटाचा तुकडा रापीनं कापून घेतला.